लाकडी पट्ट्याची जुनी स्टेशन वॅगन: आधी टिकवा, मग सजवा, आणि पैसे टप्प्याने घ्या

व्हिडिओत आपण गॅरेजच्या धंद्यातला एक वेगळा कोपरा पाहिला: जुन्या गाड्या दुरुस्त करून, सजवून देणं. व्हिडिओत सगळे आकडे आणि कायद्याचे मुद्दे मावत नाहीत, म्हणून हा लेखी धडा. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे.

उदाहरण म्हणून मी मुद्दाम अवघड गाडी घेतली आहे. जुनी स्टेशन वॅगन, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाकडी दिसणारा पट्टा पाहिजे. हे काम ज्याला नीट हिशेबाने करता आलं, त्याला कुठलीही जुनी गाडी घेता येईल.

आधी ही गाडी म्हणजे काय ते समजून घ्या

स्टेशन वॅगन म्हणजे मागे डिकीऐवजी लांब छत आणि उघडणारं मागचं दार असलेली कार. नावातलं 'स्टेशन' म्हणजे रेल्वे स्टेशन. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत प्रवासी आणि त्यांचं सामान स्टेशनवरून हॉटेलात न्यायला अशा गाड्या वापरत. फोर्डच्या मॉडेल टीसारख्या गाडीची चासी घ्यायची आणि वरची बॉडी सुताराने लाकडात बांधायची, अशी पद्धत होती. लाकूड तेव्हा शोभेसाठी नव्हतं, बॉडीच त्याची होती.

पण लाकूड पावसात फुगतं, उन्हात तडकतं, वरचेवर वार्निश मागतं. म्हणून १९४६ मध्ये विलीज कंपनीने पूर्ण पत्र्याची जीप स्टेशन वॅगन काढली आणि तिचा पत्रा लाकडासारखा दिसेल असा रंगवला. पुढे फोर्डच्या कंट्री स्क्वायरवरही (ही गाडी १९५० ते १९९१ बनत होती) खरं लाकूड जाऊन त्या जागी लाकडाच्या छापाची चिकटफिल्म आली. इंग्लंडच्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलरला मात्र शेवटपर्यंत, म्हणजे १९७१ पर्यंत, खरी अ‍ॅश लाकडाची चौकट होती. ती चौकट गाडीचा भार घेते. ती कुजली की गाडीच कमजोर होते.

यातून धंद्याचा पहिला मुद्दा घ्या. ज्या कंपन्यांनी लाकडी रूप लोकप्रिय केलं, त्यांनीच पुढे खरं लाकूड सोडून दिलं. ग्राहकाला हवा असतो लाकडाचा थाट, त्याला लाकडाची निगा नको असते.

आपल्याकडे या प्रकारातली सगळ्यात ओळखीची गाडी म्हणजे टाटा इस्टेट. पुण्याच्या टेल्कोने ती १९९२ मध्ये आणली. आधीच्या वर्षी आलेल्या सिएराची ती बहीण. नंतर मारुती बलेनो अल्तुरा, टाटा इंडिगो मरिना अशा वॅगन आल्या, पण आपल्या लोकांना डिकीवाली कार आवडली, वॅगन फारशा चालल्या नाहीत. त्यामुळे ज्याच्या घरी अशी गाडी अजून उभी आहे, त्याचा तिच्यावर जीव असतो. हाच तुमचा ग्राहक.

समजा, गाडी तुमच्या दारात आली

समजा तुमसरकडचे एक राईसमिलवाले काका १९९६ ची टाटा इस्टेट टो करून घेऊन आले. गाडी चार वर्षं शेडमध्ये उभी आहे. मुलीचं लग्न सहा महिन्यांवर आहे. काकांनी मोबाईलवर अमेरिकन गाडीचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "भाऊ, पहिले हे लाकडाचं करून द्या. बाकीचं मंग पाहू."

नव्या गॅरेजवाल्याची परीक्षा इथेच होते. पट्टा दोन दिवसांत लागतो, फोटो छान येतो, काका खूश. आणि पहिल्या पावसात पट्ट्याखालून गंज वर येतो. नाहीतर लग्नाच्या आदल्या दिवशी ब्रेक लागत नाही. तेव्हा काका म्हणणार नाहीत की मीच घाई केली होती. गावात नाव तुमचंच निघणार.

म्हणून काम तीन डब्यांत वाटा. भिंतीवर लिहून ठेवा:

१. चाल: गाडी सुरक्षित सुरू होणं, वळणं आणि थांबणं.
२. टिकाव: गंज, गळती, रबरं, वायरिंग.
३. थाट: लाकडी पट्टा, सीट कव्हर, पितळ, पॉलिश.

पहिला डबा पूर्ण झाल्याशिवाय दुसरा नाही, दुसरा झाल्याशिवाय तिसरा नाही. ग्राहक नेहमी तिसऱ्यापासून सुरुवात करतो. त्याला प्रेमाने पहिल्यावर आणणं हेच तुमचं कौशल्य.

डबा शून्य: कागद

स्पॅनर उचलण्याआधी आरसी बुक मागा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९६ च्या गाडीची पंधरा वर्षं २०११ मध्ये संपली. मग २०१६, २०२१, २०२६ असे टप्पे येतात. मधला एखादा चुकला असेल तर आधी आपल्या एमएच ३६ च्या कार्यालयात जाऊन किती थकलं आहे ते काढायला सांगा. अर्ज नमुना २५ मध्ये होतो आणि मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतात. पंधरा वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी १ एप्रिल २०२२ पासून ₹६०० वरून ₹५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या कारची २०२५ मध्ये ₹१०,००० झाली. शिवाय पर्यावरण कर वेगळा. आजचा आकडा परिवहन पोर्टलवर बघूनच ग्राहकाला सांगा.

काही जण विचारतात, "सर, व्हिंटेज नंबर घेऊन टाकू का?" नाही मिळणार. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा लागतो. तशी गाडी रोज वापरताही येत नाही. प्रदर्शन, रॅली अशाच कामांसाठी रस्त्यावर काढता येते.

आणखी एक. काका म्हणाले की "आपल्या लग्नानंतर दुसऱ्याच्या लग्नाला भाड्याने देऊ," तर तिथेच थांबवा. खासगी नंबरची गाडी भाड्याने फिरवता येत नाही, त्याला परवाना लागतो. तुमचा अंदाजपत्रकाचा कागद अशा स्वप्नावर उभा करू नका.

बदल करताना कायदा कुठे आडवा येतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. मथळा: गाडीत केलेले बदल. आरसीत लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ₹५,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता गॅरेजवाल्यांनी कान देऊन ऐका. या कायद्यात 'डीलर' या शब्दाच्या व्याख्येत गाडी दुरुस्त करणारा आणि बॉडी बांधणारा पण येतो. आणि वाहनबांधणीच्या नियमांविरुद्ध बदल करणाऱ्या डीलरला प्रत्येक गाडीमागे ₹१ लाख दंड, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणजे "ग्राहकाने सांगितलं म्हणून केलं" हे तुमचं उत्तर चालणार नाही.

तर मग करता काय येतं?

- सीट कव्हर, आतला कपडा, डॅशबोर्डची सजावट: करता येते.
- दारांच्या खालच्या भागावर लाकडी छापाचा पट्टा, मूळ रंग तसाच दिसत राहील असा: सहसा अडचण येत नाही. तरी आधी आरटीओत विचारून घ्या.
- पूर्ण गाडीचा रंग बदलणं: आरसीवर रंग लिहिलेला असतो, तो बदलून घ्यावा लागतो.
- काळी काच: २०१२ पासून काचेवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे.
- पुढे लोखंडी बुल बार: केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे.
- चासी कापणं, छत कापणं, दुसऱ्या जातीचं इंजिन परस्पर बसवणं: हात लावू नका.

डबा एक: चाल

चार वर्षं उभ्या गाडीला थेट सेल्फ मारू नका. जुनं डिझेल काढा, टाकी आतून बघा, फिल्टर बदला. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल नवं टाका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे व्हील सिलेंडर आतून गंजतात, रबरं आवळतात. ती सगळी खोला. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूच्या भिंतीला भेगा आहेत का बघा, आणि टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुने असतील तर बदला, यात घासाघीस नको.

इथे एक फायदा आहे. इस्टेटचं १९४८ सीसी डिझेल इंजिन सिएराला होतं, टाटा मोबाईल पिकअपला होतं आणि १९९४ मध्ये आलेल्या सुमोलाही होतं. सुमो तर आपल्या भागात गावोगावी धावली. म्हणजे इंजिनचे पुष्कळ सुटे भाग नागपुरात, साठ किलोमीटरवर, शोधता येतात आणि हात बसलेला मिस्त्रीही मिळतो. अडचण इंजिनची नसते. अडचण असते मागच्या दाराची काच, टेल लॅम्प, रबर बीडिंग या फक्त इस्टेटच्या वस्तूंची. काम घेण्याआधी अशा न मिळणाऱ्या वस्तूंची यादी करा, काम सुरू झाल्यावर नाही.

डबा दोन: टिकाव

भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पाणी पत्रा खातं, ऊन रबर आणि प्लास्टिक खातं.

एक साधं लोहचुंबक खिशात ठेवा. बॉडीवर फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे खाली जाडजूड लांबी भरली आहे. मग गाडी वर घेऊन खालून पायदान, फ्लोअर आणि मडगार्डचा आतला भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आवाज आला तर आतून गेलेला. दारांच्या खाली पाणी वाहून जायची छोटी भोकं असतात, ती मातीने बुजलेली सापडतील. ती मोकळी केल्याशिवाय नवा पत्राही टिकत नाही.

कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा टाक्याने जोडायचा, गंजरोधक प्रायमर, वर पातळ लांबी, मग रंग. गंजावर लांबी चोपडणं म्हणजे भिंतीच्या ओलीवर कॅलेंडर टांगणं.

डबा तीन: थाट

आता काकांचा पट्टा. तीन मार्ग आहेत.

खरं लाकूड. आपल्याकडे सागवान आहे, हात चालणारे सुतार आहेत, म्हणून मोह होतो. पण बाहेरच्या पत्र्यावर लाकूड ठोकायचं म्हणजे स्क्रूची भोकं, भोकांतून पाणी, आणि लाकडामागे कायमची ओल. शिवाय बाहेर आलेली कड माणसाला लागू शकते. बाहेर नको. आत, डॅशबोर्डच्या पट्टीला किंवा गिअरच्या मुठीला वापरा, तिथे ते वर्षानुवर्षं छान राहतं.

हाताने रंगवणं. फिक्या रंगावर गडद रंगाचा पातळ हात देऊन तो ओला असताना ब्रशने किंवा कंगव्याने रेषा ओढायच्या, वाळला की वर लॅकर. कसबी पेंटर असेल तर सुंदर होतं. पण ओरखडा पडला तर तोच पेंटर पुन्हा लागतो.

विनाइल फिल्म. नव्या धंद्याला हाच मार्ग. तुमच्या गावचा रेडियमवाला सोबत घ्या, पण फिल्म बाहेरच्या वापराचीच आणा. फर्निचरवर लावायची स्वस्त फिल्म एका उन्हाळ्यात कडेने सुटते. नवा रंग पूर्ण मुरू द्या, नाहीतर आतली वाफ फुगे काढते. किती दिवस थांबायचं आणि किती तापमानात लावायची, हे फिल्मच्या कंपनीने दिलेलं असतं, ते वाचा. मे महिन्यात दुपारी तापलेल्या पत्र्यावर फिल्म ताणली जाते, म्हणून सकाळी सावलीत काम करा. दोन दारांच्या फटीवरून फिल्म सरळ नेऊ नका. प्रत्येक दाराला वेगळा तुकडा, कड आत वळवून. पाणी जाण्याच्या भोकांवर फिल्म येता कामा नये.

आता पितळ. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, म्हणून पट्ट्याला पितळी किनार द्यावी असं कुणालाही सुचेल. थांबा. पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं की लोखंड जास्त वेगाने गंजतं. म्हणून बाहेर पितळ लावायचंच तर मध्ये रबर किंवा जाड चिकटपट्टी पाहिजे, पत्र्यात स्क्रू नको आणि टोकं गोल हवीत. त्यापेक्षा आतली नावाची पाटी, डॅशबोर्डची बटणं कारागिराकडून पितळेत घडवून घ्या. ही वस्तू नागपूर-पुण्याच्या गॅरेजला सहज सुचणार नाही. तुमची ओळख इथून तयार होते.

आता खरा धडा: दिवसाचा हिशेब

खालचे आकडे शिकण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा गॅरेजचं भाडं, वीज, हेल्पर मिळून महिन्याला ₹३०,००० जातात. गाड्या उभ्या करायच्या दोन जागा. म्हणजे एका जागेला ₹१५,०००. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस. एका जागेचा एक दिवस = ₹६००. गाडीला हात लावा किंवा लावू नका, हे सहाशे जातातच.

काकांचं बिल ठरलं ₹१,२०,०००:

- सुटे भाग आणि साहित्य: ₹६०,०००
- मिस्त्री, डेंटर, पेंटर, रेडियमवाला यांची मजुरी: ₹३०,०००
- जागा, २५ दिवस: ₹१५,०००
- तुमच्या हातात: ₹१५,०००

छान वाटतं. आता मागची काच मिळेना म्हणून गाडी आणखी ४० कामाचे दिवस अडली. ४० गुणिले ६०० म्हणजे ₹२४,०००. पंधरा हजाराचा नफा गेला आणि वरून ₹९,००० खिशातून गेले. कुणी फसवलं नाही, कुणी चोरी केली नाही. फक्त दिवस मोजले नाहीत.

जुन्या गाडीच्या धंद्यात माणूस बुडतो तो असा. काम येत नसतं म्हणून नाही, तर गाडी अंगणात बसून राहते म्हणून. त्यावर उपाय पाच:

१. तपासणीची फी वेगळी घ्या. एक दिवस लावून तिन्ही डब्यांची लेखी यादी आणि फोटो द्या. काम तुमच्याकडे दिलं तर फी बिलात वळती करा.
२. प्रत्येक डब्याचं वेगळं अंदाजपत्रक, वेगळा अ‍ॅडव्हान्स. एका डब्याचा हिशेब मिटला की पुढचा उघडायचा.
३. "उघडल्यावर सापडेल ते" हे वाक्य लिहा. पत्रा कापल्यावर आत आणखी गंज निघाला तर फोटो पाठवून, होकार घेऊन मगच पुढे. फोनवरचा नाही, लेखी होकार. व्हॉट्सअ‍ॅप चालेल.
४. वस्तू येईपर्यंत गाडी घरी. दुर्मिळ भाग हातात आल्यावरच ते काम सुरू. कळवूनही गाडी नेली नाही तर रोजचं जागेचं भाडं जॉब कार्डवर छापलेलं असू द्या.
५. जुने काढलेले भाग पोत्यात भरून ग्राहकाला परत. विश्वास यानेच बसतो.

काकांना हे कसं सांगायचं? भांडून नाही. म्हणा, "काका, लग्न सहा महिन्यांवर आहे. दोन महिन्यांत गाडी चालती-थांबती करतो, पुढच्या दोनात पत्रा आणि रंग, रंग मुरला की पट्टा. लग्नाच्या दिवशी पट्टा नवा कोरा दिसेल. आज लावला तर तोवर जुना होईल." ग्राहकाला नियम आवडत नाहीत, पण त्याच्या फायद्याचं वेळापत्रक आवडतं.

सुरुवात करताना

फक्त जुन्या गाड्यांवर गॅरेज उघडू नका. भंडारा, साकोली, तुमसर, पवनीकडे रोजची भाकरी ट्रॅक्टर, पिकअप आणि दुचाकीची आहे. दोन जागांपैकी एक रोजच्या कामाला, एक जुन्या गाडीला. जुनी गाडी नाव देते, रोजचं काम पगार देतं.

उद्यम नोंदणी मोफत आहे, ती ऑनलाइन करून घ्या. एजंटला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल ₹२० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि सुटे भागही त्या उलाढालीत धरले जातात हे विसरू नका. कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची चौकशी करा. सोबतचा सुतार असेल तर त्याला पीएम विश्वकर्मा योजना सांगा, सुतारकाम तिच्या अठरा व्यवसायांत आहे.

गृहपाठ

१. तुमच्या किंवा ओळखीच्या गॅरेजचा "एका जागेचा एक दिवस" किती रुपयांचा ते काढा.
२. गावातली एक जुनी गाडी निवडा. मालकाला विचारून, चुंबक आणि वही घेऊन तिन्ही डब्यांची यादी करा.
३. त्या गाडीच्या कोणत्या तीन वस्तू नागपुरात मिळणार नाहीत, ते फोन करून शोधा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कमेंटमध्ये टाका. निव्वळ आकडा नको, कसा काढला तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण जॉब कार्ड ओळ न् ओळ भरायला शिकू. तोपर्यंत हिशेब लिहीत राहा. भेटूया!